सरकलेला पूल

एनिड हॅगार्थ आमच्या स्केलबेकच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करत होती. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला तिनं कधी ना कधी ताटातला कोबी संपवायला लावलेला आहे. पंधराव्या वर्षी तिची शाळा सुटली. वाचायची ती ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. पण हात असा नेमका, की फूटपट्टी न लावता एका परातीतल्या केकचे साठ तुकडे करायची आणि एकही मूल दुसऱ्याच्या तुकड्याकडे बघायचं नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती वरच्या आळीतल्या घरात एकटी काय करणार, याची काळजी तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त होती.

मी थेल्मा. गावच्या हॉलच्या किल्ल्या तेव्हा माझ्याकडे असायच्या. पुढे जे घडलं त्यात माझाही वाटा आहे. तो अभिमानाचा नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

हॉलला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यानिमित्त गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. बैठकीत कामं वाटली गेली. जुने फोटो एकानं घेतले, शाळेच्या आठवणी मी घेतल्या, युद्धात गेलेल्यांची नावं कुणी घेतली. नकाशे उरले.

"नकाशे कोण बघणार?" क्लिफर्ड मेटकाफनं विचारलं. क्लिफर्ड आमच्या ग्रामपंचायतीचा अध्यक्ष. हॉलची जागा त्याच्या वडिलांनी दिलेली, पायाही त्यांनीच खणलेला. त्यामुळे हॉलमध्ये बोलताना त्याचा आवाज जरा मोठाच असायचा.

मग मागच्या रांगेतून एनिडनं हात वर केला.

"एनिड, नकाशे आहेत हं. केकच्या कृती नाहीत," क्लिफर्ड म्हणाला. दोघं शाळेत एका बाकावर होते, त्यामुळे एवढं चालायचं. सगळे हसले. मीही हसले.

"कळतंय मला," ती म्हणाली. "कृतीत निदान चूक झाली तर वासावरून समजतं."

दर गुरुवारी सकाळच्या बसनं ती जिल्ह्याच्या गावाला जायची आणि तिथल्या दप्तरखान्यात संध्याकाळपर्यंत बसायची. पहिल्या दिवशी तिथल्या बाईनं तिला हातमोजे घालायला दिले आणि टेबलाएवढा एक नकाशा उलगडून पुढे ठेवला. तो १८४३ सालचा. तेव्हा शेताच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. तो नीट वसूल व्हावा म्हणून प्रत्येक वावराला नंबर देऊन, मालक कोण, कसतो कोण, पिकतं काय, हे सगळं लिहून ठेवलं होतं. एनिड मला म्हणाली, "थेल्मा, मला वाटलं होतं कंटाळा येईल. दुपारी जेवायचंसुद्धा विसरले गं."

तिची रीत स्वयंपाकघरातलीच होती. नकाशांच्या प्रती घरी आणायच्या, सगळ्या एका मापात करून घ्यायच्या, आणि केकच्या परातीत घालतात तो पातळ पारदर्शक कागद त्यांच्यावर पसरून पेन्सिलनं गिरवायच्या. १८४३चा एक कागद, १८५६चा एक, मग ९३चा, मग १९१२चा. हे चारही कागद आजच्या नकाशावर एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, की गाव आपल्या डोळ्यांदेखत हलायला लागायचं. घरं उगवायची आणि नाहीशी व्हायची. कुरणांचे तुकडे पडायचे, त्यांच्यामध्ये दगडी कुंपणं यायची. शिशाच्या खाणी चालू होत्या तोवर गाव ओढ्याच्या बाजूनं वाढत गेलं. खाणी बंद पडल्या तसं ते पुन्हा आक्रसलं.

"इथं बघ," ती म्हणाली. "गिरणीजवळ अकरा घरं. छप्पन्नमध्ये आहेत. त्र्याण्णवमध्ये चार. बारामध्ये एकही नाही."

"गिरणी? आपल्याकडे गिरणी कुठं होती?"

"होती की. पाणचक्की. वरच्या बंधाऱ्यावरून पाट काढला होता तिच्यासाठी. हे तिचं तळं." तिनं एका निळसर डागावर बोट ठेवलं. "आणि या वावराचं नाव वाच. ओलीचं वावर. त्याच्या शेजारचं, बुडीत. नावं उगाच नाही ठेवत गं माणसं."

तो पाट पुढे कुठे गेला, याचा तिनं ध्यासच घेतला. त्र्याण्णवच्या नकाशात गिरणी बंद म्हणून दाखवलेली होती. बाराच्या नकाशात तळंही नव्हतं, पाटही नव्हता. तळं खाणीतला राडारोडा टाकून भरलं असणार आणि पाटावर दगडी छत घालून वर माती लोटली असणार, असं तिनं काढलं. म्हणजे तो बोगदा अजून गावाखाली असणार. तिनं लाल पेन्सिल घेतली आणि आजच्या नकाशावर त्याची रेघ ओढली.

ती रेघ ग्वेन आणि राल्फ अॅल्डरसनच्या घरातून गेली.

ग्वेन एनिडची लहानपणापासूनची मैत्रीण. त्यांचं घर पुलाच्या कडेला होतं. राल्फच्या गुडघ्यांना जिने झेपत नव्हते म्हणून ते घर विकून मुलीजवळ राहायला जाणार होते. गिऱ्हाईकही ठरलं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी ते तरुण नवराबायको हौसेनं गाव बघायला आले. एनिडच्या नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि चहा न घेताच निघून गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी नकार कळवला.

ग्वेन एनिडच्या दारात गेली तेव्हा मी आतच होते.

"एकदा मला विचारायचंस तरी," ग्वेन म्हणाली. "रंगाची पेन्सिल हातात घेण्याआधी एकदा."

"ग्वेन, ते नकाशात होतं. मी काही मनानं—"

"साठ वर्षं तू माझ्या घरात चहा पितेस. कधी पाय ओले झाले तुझे?"

ग्वेन गेली, आणि मग रस्त्यात समोरासमोर आल्या तरी ती दुकानाच्या खिडकीत बघायला लागायची.

दुसरी कुणी असती तर कागद गुंडाळून माळ्यावर टाकले असते. एनिडनं उलट सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. ऑक्टोबरभर तिच्या खिडकीत कागद लावलेले दिसायचे. एका सकाळी माझं दार वाजलं. ती कोट न घालताच आली होती.

"पूल सरकलाय," ती म्हणाली.

"काय?"

"आपला पूल. छप्पन्नचा आणि त्र्याण्णवचा कागद एकमेकांवर ठेवला, तर चर्चचा मनोरा जागेवर आहे, वरच्या आळीतल्या प्रार्थनागृहाचा कोपरा जागेवर आहे, आणि पूल पस्तीस पावलं वर गेलाय. जुना लाकडी होता, तो पुरात गेला असणार. दगडी बांधला तो दुसरीकडे. आणि मी १८४३चा नकाशा कशावर बसवला होता? मनोरा आणि पूल. जुना पूल आजच्या पुलावर ठेवून." तिनं भिंतीला हात टेकला. "म्हणजे मनोऱ्याला टाचणी टोचून सगळं गाव मी फिरवलं, थेल्मा. रेघ चुकलीय माझी."

"मग ग्वेनच्या घराखाली काही नाही?"

"काही नाही. कधीच नव्हतं."

ती तशीच ग्वेनकडे गेली. काय बोलणं झालं ते तेव्हा तिनं सांगितलं नाही. नंतर ग्वेनकडून कळलं. एनिड उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "माझी चूक झाली. तुझं घर कोरडं आहे. मी तुझं नुकसान केलंय आणि ते मला भरून देता येणार नाही." ग्वेन "बरं," म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

पण एनिड मला सगळं बोलली नव्हती. रेघ ग्वेनच्या घरावरून हटली, तर ती दुसरीकडे कुठे तरी जाणार होतीच. मनोरा आणि प्रार्थनागृहाचा कोपरा धरून नकाशा नव्यानं बसवला, तेव्हा पाट सरळ गावच्या हॉलखाली आला. आणि तो निळसर डाग, गिरणीचं तळं, हॉलच्या चारही भिंतींखाली पसरला.

नोव्हेंबरच्या ग्रामपंचायतीच्या सभेत ती बोलायला उभी राहिली. आधी तिनं सगळ्यांसमोर चूक कबूल केली, अॅल्डरसनांचं नाव घेऊन. राल्फ खाली मान घालून बसला होता, ग्वेन आलीच नव्हती. मग एनिड म्हणाली, "पाट हॉलखाली आहे. बंधाऱ्यापाशी त्याचं तोंड नुसतं दगड रचून बुजवलंय, मी जाऊन बघून आले. ओढा खूप चढला तर पाणी तिथून आत शिरेल. आणि आपल्या आपत्तीच्या योजनेत पूर आला तर सगळ्यांनी हॉलमध्ये जमायचं, असं लिहिलंय."

मग क्लिफर्डनं चष्मा काढला.

"गेल्या महिन्यात ग्वेनचं घर बुडत होतं. या महिन्यात हॉल. नाताळात चर्चचा नंबर का गं?"

लोक हसले, पण पहिल्यासारखे नाही. राल्फच्या घराचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या हसण्यात राग होता.

"मी चुकले होते हे मीच सांगतेय," एनिड म्हणाली. "म्हणूनच तीनदा तपासलंय. नुसतं एकदा कुणाला तरी आत कॅमेरा घालून बघू दे."

"माझ्या वडिलांनी हा पाया स्वतः खणलाय. तळं असतं तर त्यांना दिसलं नसतं?" क्लिफर्डचा आवाज चढला होता. "हा हॉल ओढ्यापासून दीडशे पावलं लांब आहे. पन्नास वर्षांत या जमिनीवर पाण्याचा थेंब आला नाही. तुझ्या कागदापायी योजना बदलायची, आणि उद्या तू म्हणणार पुन्हा चुकलं. तेव्हा?"

मत घेतलं गेलं. कॅमेऱ्याच्या बाजूनं दोन हात वर झाले. माझा हात मांडीवरच राहिला. मला खरं काय ते कळत नव्हतं, हे एक कारण. क्लिफर्ड माझ्याकडे बघत होता, हे दुसरं.

त्यानंतर एनिड हॉलकडे फिरकली नाही. दुकानात कुणीतरी विचारायचं, "काय एनिड, आज पाट कुठून चाललाय?" ती पाव घ्यायची आणि घरी जायची.

डिसेंबरात पाऊस लागला तो लागलाच. गुरुवार, शुक्रवार, एक तास उघडीप नाही. शनिवारी सकाळी ओढा पुलाच्या कमानीला लागला आणि अकराच्या सुमारास खालच्या आळीतल्या घरांना बाहेर पडा म्हणून निरोप आले. क्लिफर्ड पहाटेपासून भिजत लोकांची दारं वाजवत होता, हे सांगायला हवं. त्याच्यासारखा राबणारा माणूस गावात दुसरा नव्हता. मी हॉल उघडला. बारापर्यंत क्लिफर्ड आणि मी धरून अडतीस माणसं जमली होती. त्यांत राल्फ आणि ग्वेन होते, दोन तान्ही मुलं होती, आणि विल्फ थ्वेट होते. विल्फ एक्क्याण्णव वर्षांचे, जुने खाणकामगार. छातीचा आजार, चाकाच्या खुर्चीत, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. त्यांची मुलगी हिलरी त्यांच्या पायांवर घोंगडी लपेटत होती. मी सूप गरम करायला ठेवलं.

पाऊण वाजता एनिड आली. वरच्या आळीला काहीच धोका नव्हता, तिला यायची गरज नव्हती. नखशिखांत भिजलेली. कुणाशी न बोलता ती सरळ स्वयंपाकघरात माझ्याकडे आली.

"थेल्मा, गॅस बंद कर जरा."

"अगं, सूप—"

"एक मिनिट. ऐक."

मी गॅस बंद केला. बाहेर पावसाचा आवाज होता, हॉलमध्ये लोकांच्या बोलण्याचा. त्यांच्याखाली आणखी एक होता. दूरवर मालगाडी चालली असावी असा. आमच्याकडे रेल्वे नाही.

एनिड गुडघ्यांवर बसली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीत सांडपाण्याची लोखंडी जाळी आहे. तिनं जाळीवर हात धरला आणि मला खुणावलं. मी हात पुढे केला. खालून वारा येत होता. थंड, आणि त्याला कुजक्या पानांचा वास.

"बोगद्यात पाणी भरतंय," ती म्हणाली. "हवा बाहेर ढकलली जातेय."

"पण पाणी ओढ्यात निघून जाईल ना खाली?"

"खालचं तोंड उघडं आहे की नाही मला माहीत नाही. ते नकाशावर नाही." ती उठली. "ते बंद असेल, तर या पाण्याला इथूनच वर यावं लागेल."

ती क्लिफर्डकडे गेली. तो दारापाशी यादी तपासत होता. ती हळूच बोलत होती, पण त्याचं उत्तर सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाही. एनिड, आज नाही."

"क्लिफर्ड, एकदा आत येऊन हात तरी धर."

"एवढ्या पावसात गटारं तुंबणारच. मी अडतीस माणसांना त्या निसरड्या चढावरून प्रार्थनागृहात नेऊ? विल्फला? त्यांच्या छातीत पाणी झालं तर ते कुणाच्या माथी? तुझ्या?"

"माझ्या," एनिड म्हणाली.

"असं म्हणणं सोपं आहे."

आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तोच तर पेच होता. हॉल उबदार होता, दिवे लागलेले होते, जमीन कोरडी होती. बाहेर आडवा पाऊस. लोक एकदा एनिडकडे बघत होते, एकदा क्लिफर्डकडे. एक बाई म्हणाली, "आता पुरे कर गं एनिड, मुलं घाबरतात." एनिड सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"माझं याआधी चुकलंय," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "आजही चुकत असेन. तसं झालं तर तुम्ही भिजाल, आणि मला जन्मभर शिव्या द्याल. तेवढंच होईल."

कुणीही जागचं हललं नाही.

मग भिंतीकडेच्या खुर्चीतून ग्वेन उठली. गेल्या अडीच महिन्यांत त्या एका 'बरं'शिवाय ती एनिडशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं शांतपणे कोटाची बटणं लावली.

"राल्फ, ऊठ."

"ग्वेन, बस खाली," क्लिफर्ड म्हणाला. "तुझं घर कुणामुळे विकायचं राहिलं ते विसरलीस?"

"विसरले नाही. पण ज्या दिवशी तिला कळलं, त्या दिवशी ती माझ्या दारात येऊन चुकलं म्हणाली." ग्वेननं डोक्याला रुमाल बांधला. "साठ वर्षांत आपल्यापैकी कोण कुणाच्या दारात गेलंय, क्लिफर्ड? ती आज खरं बोलतेय असं तिला वाटतंय. मला तेवढं पुरतं. राल्फ, ऊठ म्हटलं ना."

राल्फ उठला. त्याच्यामागून तान्ह्या मुलाची आई उठली. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज एकदमच यायला लागले. मी तरीही स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एनिडनं माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन पुन्हा जाळीवर हात धरला. आता वारा नव्हता. जाळीच्या भोकांतून काळं पाणी वर येत होतं, अगदी सावकाश, दूध उतू जायच्या आधी येतं तसं.

मी बाहेर येऊन ओरडले की सगळे निघा. किल्ल्या माझ्या हातात होत्या. त्या मी कुठे टाकल्या, आजही मला आठवत नाही.

प्रार्थनागृहाचा चढ एरवी चार मिनिटांचा. त्या दिवशी वीस मिनिटं लागली असतील. वाटेवरून गुडघ्यापर्यंत पाणी धावत खाली येत होतं. चाकाची खुर्ची चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून मेंढपाळ डेंट भावांनी विल्फना साध्या खुर्चीत बसवून उचललं. एनिड बाजूनं नळकांडं धरून चालत होती.

"विल्फ, तुम्हाला त्रास होतोय का?" ती सारखी विचारत होती.

"खाणीत याहून वाईट पाण्यातून गेलोय, पोरी," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

प्रार्थनागृहाच्या दारात मी एनिडला सोडून माणसं मोजली. सदतीस.

"क्लिफर्ड कुठाय?"

तो निघालाच नव्हता. कुणी मागे राहिलंय का, हे बघायला थांबला असं तो नंतर म्हणाला. माझ्या मते त्याला तो हॉल सोडता येत नव्हता. आम्ही दारातून खाली बघत होतो. दुपारचे दोन वाजायला आले होते, उजेड मळकट झाला होता, पण हॉलच्या खिडक्यांत अजून दिवे होते. मग ते एकदम गेले. आवाज नंतर आला, लाकूड मोडल्याचा, बराच वेळ चाललेला. रंगमंचाकडची भिंत आत खचली. छताचा तो कोपरा खाली बसला आणि खिडक्यांतून तपकिरी पाणी बाहेर पडायला लागलं. ओढ्याकडून तिकडे काहीच येत नव्हतं. पाणी हॉलमधून ओढ्याकडे चाललं होतं.

डेंट भाऊ आणि राल्फ दोर घेऊन धावले. आपले गुडघे दुखतात हे राल्फला तेव्हा आठवलं नसावं. एनिड त्यांच्यामागे निघाली, ग्वेननं तिचा दंड धरला तो सोडलाच नाही. अर्ध्या तासानं त्यांनी क्लिफर्डला आणलं. जमीन वर उचलली जाऊन फुटली तेव्हा तो दाराजवळ होता, म्हणून वाचला. खांद्याचं हाड मोडलं होतं. तो बाकावर बसला आणि त्यानं कुणाकडेही बघितलं नाही.

गावातलं कुणीही त्या दिवशी दगावलं नाही. पण अकरा दिवसांनी इस्पितळात विल्फ गेले, न्यूमोनियानं.

लोक एनिडला म्हणायचे, ते हॉलमध्ये असते तर त्याच दुपारी गेले असते. ती ऐकून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "तसं असेलही. पण त्यांना पावसात बाहेर मी काढलं. ते माझ्याच नावावर राहणार." अंत्यविधीला ती अगदी मागे उभी होती. हिलरीनं तिला बघितलं आणि येऊन आपल्या शेजारच्या बाकावर बसवलं.

फेब्रुवारीत क्लिफर्ड तिच्या घरी गेला. एनिडनंच मला सांगितलं. खांदा अजून झोळीत होता. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. खिडकीजवळ जाऊन म्हणाला, "मला ते तळं दाखव."

तिनं कागद लावून दाखवलं. त्यानं बोटानं तळ्याची कड पुन्हा पुन्हा गिरवली.

"वडिलांना माहीत असेल का गं?" त्यानं विचारलं. "खणताना राडारोडा लागला असेलच. तेव्हाच कळलं असेल."

"ते नकाशावर लिहिलेलं नसतं, क्लिफर्ड."

जाताना त्यानं ग्रामपंचायतीचा राजीनामा दिल्याचं सांगितलं. एनिड म्हणाली, "मागे घे. पहाटे दारं वाजवत कोण फिरणार मग?" त्यानं तो मागे घेतला की तो तसाच मंजूर झाला, मला ठाऊक नाही. पुढची निवडणूक तो लढला नाही, एवढं खरं.

जिल्ह्याच्या लोकांनी शेवटी कॅमेरा घातला. बोगदा होता. खालचं तोंड कधीतरी रस्ता रुंद करताना काँक्रीटनं बंद झालेलं होतं, आणि कोणत्याच नकाशावर त्याची नोंद नव्हती. नवा हॉल वरच्या आळीत झाला. जुन्या जागेवर आता गवत आहे, पाऊस झाला की चार दिवस तिथे पाणी साचतं आणि बदकं येतात.

ग्वेन आणि राल्फ मुलीजवळ गेले नाहीत. राल्फनं खालच्या मजल्यावर पलंग टाकून घेतला, आणि तिथेच तो तीन वर्षांनी गेला. त्याच्यानंतर एनिड रोज दुपारी ग्वेनकडे जायला लागली. मी मध्येच कधी डोकावते. दोघी रेडिओ लावून बसलेल्या असतात, आणि एनिडनं केलेला केक फार कोरडा झालाय म्हणून ग्वेन तक्रार करत असते.